ताराराणी की पिहू

बाळाचे नाव ठेवण्याचा मान आत्याचा, असे आपल्याकडे सगळेच म्हणतात. प्रत्यक्षात आत्याने पाळण्यात वाकून बाळाच्या कानात कुर्र करायचे, जमलेल्या बायकांचे धपाटे पाठीत खायचे आणि आई-वडिलांनी आधीच ठरवलेले नाव मोठ्याने सांगायचे, एवढाच तो मान आता उरला आहे. आमच्या घरी या वेळी मात्र तो खऱ्या अर्थाने माझ्याकडे चालून आला, कारण घरात तिघांचे तीन पक्ष झाले आणि 'आत्या ठरवेल ते खरं' असे चारचौघांत जाहीर करून तिघांनीही मला एकेकटे गाठून आपापला प्रचार सुरू केला.

माझ्या बाबांचा आग्रह 'ताराराणी' या नावाचा होता. धाकटा भाऊ मुलगी हातात आल्यापासून तिला 'पिहू' म्हणत होता आणि हेच नाव जन्मदाखल्यावरही घालावे, असे त्याचे मत होते. भावजयीला नाव कोणते, यापेक्षा नावे किती, हा प्रश्न महत्त्वाचा वाटत होता. तिचे म्हणणे असे की, जे नाव घेऊन हाक मारायची तेच कागदावर असावे. मग ते तारा असो वा पिहू, पण कागदावर एक आणि घरात भलतेच असा दुहेरी कारभार नको. तिचे स्वतःचे कागदावरचे नाव चांगले भारदस्त आहे, पण जन्मापासून ते कोणी उच्चारलेलेच नाही. त्यामुळे बँकेत किंवा दवाखान्यात त्या नावाचा पुकारा झाला तरी ती बसूनच राहते आणि शेजारची व्यक्ती कोपराने ढोसते, तेव्हा उठते. "ताई, स्वतःच्याच नावाशी ओळख नसलेलं माणूस मी एकटीच असेन," असे ती हसत म्हणाली खरी, पण त्यातली चीड लपत नव्हती.

तिच्याकडे आणखी एक मुद्दा होता आणि तो मला बिनतोड वाटला. महाराष्ट्रात 1 मे 2024 रोजी व त्यानंतर जन्मलेल्या बाळाचे नाव शासकीय कागदपत्रांत लिहिताना आधी बाळाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव असा क्रम ठेवायचा, असा शासनाचा निर्णय आहे. म्हणजे आपल्याकडचे तीन शब्दांचे पूर्ण नाव आता चार शब्दांचे झाले. आईचे नाव कागदावर येणार, याचा तिला मनापासून आनंद आहे. पण चार शब्दांच्या गाडीला पुढे आणखी 'ताराराणी' जोडले, तर परीक्षेच्या अर्जावरचे चौकोन संपतील तरी नाव संपणार नाही, असा तिचा हिशेब होता. बाबांनी त्यावर एका वाक्यात निकाल दिला : "चौकोन संपले तर संपू देत, नाव असं पाहिजे की हाक मारली की माणसानं वळून बघितलं पाहिजे."

मी कोल्हापुरातल्या एका शाळेच्या कार्यालयात लिपिक आहे. माणसाचे नाव कागदावर चढते कसे आणि चढल्यावर काय काय करते, हे आम्ही रोज पाहतो, त्यामुळे या वादात मला मत असणे साहजिक होते. आमच्याकडे जुनी जनरल रजिस्टरे आहेत. त्यांची पाने पिवळी पडली आहेत, कडा मुडपल्या आहेत, पण टाकाने काढलेले अक्षर अजून स्वच्छ वाचता येते. कोणी वयस्कर माणूस जुन्या दाखल्याची प्रत मागायला आला की ती काढावी लागतात आणि मग आजूबाजूच्या नोंदीही वाचल्या जातात. त्यांत 'बाळू' आहेत, 'बबन' आहेत, 'बेबी' आहेत, 'छबू' आहेत, 'धोंडू' आणि 'केरबा' तर आहेतच. मुलाला शाळेत घालायला आई-वडील नेहमीच येत असत असे नाही. कधी चुलता येई, कधी मोठी बहीण येई. गुरुजी विचारत, 'पोराचं नाव काय?' आणि आणणारा घरात जे म्हणत तेच सांगे. ज्या गुरुजींनी जन्मतारीख माहीत नसलेल्या गावातल्या मुलांना सरसकट 1 जून ही तारीख बहाल केली, त्यांनीच अशा रीतीने लाडाच्या नावांना सरकारी शिक्का मारून दिला. पुढे तेच नाव नोकरीत गेले, पेन्शनच्या कागदावर गेले आणि आज सत्तरीतले आजोबा आधार कार्डावर 'बाळू' आहेत.

यात वाईट काही झाले का, तर बहुतेकांच्या बाबतीत नाही. बाळूचा मोठेपणी बाळासाहेब झाला, बबनचा बबनराव झाला आणि गावाने त्यांना मान दिला. पण ही सोय पुरुषांना होती. बेबीची बेबीताई झाली तरी ती बेबीच राहिली. शिवाय सगळीच नावे लाडाची नव्हती. आधीची मुले जगली नाहीत म्हणून दृष्ट लागू नये या भाबड्या समजुतीने ठेवलेली केरबा, दगडू, धोंडू ही नावे निदान मायेपोटी आलेली होती. 'नकुसा' हे नाव मात्र मुलगी नकोशी झाली म्हणून ठेवले गेले आणि तेही कागदावर गेले. आमच्या शेजारच्या सातारा जिल्ह्यात 2011 साली अशा मुलींना समारंभाने नवी नावे देण्यात आली, हे अनेकांना आठवत असेल. घरातल्या क्षणिक भावनेतून तोंडात बसलेले नाव, मग ती भावना लाडाची असो वा नावडीची, विचार न करता कागदावर चढवले की त्याचा भार त्या मुलाला किंवा मुलीला आयुष्यभर वाहावा लागतो, एवढी गोष्ट ही रजिस्टरे पाहून माझ्या मनात पक्की झालेली आहे.

भावजयीच्या 'एकच नाव' या आग्रहाला परंपरेचा आधार मात्र फारसा नाही. बारशाला आलेल्या गुरुजींनी सांगितले ते मला आधी अर्धवटच ठाऊक होते. पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्ये यांच्या 'धर्मसिंधू'त, ज्यावरून आपल्याकडचे बरेचसे विधी चालतात, बाळाला चार नावे सांगितली आहेत : देवतेवरून एक, जन्ममासावरून एक, नक्षत्राच्या चरणावरून एक आणि चौथे व्यवहारातले. त्यांतले नक्षत्रनाम पत्रिकेत राहते आणि लग्नाच्या वेळी जुळवाजुळवीला बाहेर निघते. मासनाम कोणाच्या ध्यानातही राहत नाही. एका बाळाला अनेक नावे असणे ही आपल्याकडे अडचण कधीच मानली गेली नव्हती. मजेची गोष्ट अशी की, लाडाचे नाव या चारांत कुठेच नाही. त्याला विधी नाही, मुहूर्त नाही, ते ठेवण्याचा कोणाला मानही नाही. गुरुजींनी जाता जाता असेही सांगितले की, गृह्यसूत्रांप्रमाणे मुलाच्या नावात सम आणि मुलीच्या नावात विषम अक्षरे असावीत. तारा दोन अक्षरी, पिहू दोन अक्षरी आणि ताराराणी चार अक्षरी, म्हणजे आमचे तिन्ही पक्ष शास्त्राच्या परीक्षेत एकसाथ नापास झाले आणि तो मुद्दा तिथेच मिटला.

लाडाचे किंवा हाकेचे नाव कोणाला ठरवून देता येत नाही, याचे दाखले शोधायला कोल्हापुराबाहेर जावे लागत नाही. भालचंद्र गोपाळ पेंढारकर म्हटले तर क्षणभर विचार करावा लागतो. भालजी पेंढारकर म्हटले की स्टुडिओसकट माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो. शांताराम राजाराम वणकुद्रे यांचे आडनाव त्यांच्या कीर्तीत विरघळून गेले आणि व्ही. शांताराम एवढेच उरले. बाबूराव मेस्त्री हे बाबूराव पेंटर झाले, कारण गावाला त्यांच्या आडनावापेक्षा त्यांचा ब्रश जवळचा वाटला. वारणानगरचे विश्वनाथ कोरे हे सगळ्या वारणा खोऱ्याचे तात्यासाहेब आणि कुंभोजला जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील हे रयतच्या मुलांचे अण्णा. यांपैकी कोणाच्याही आई-वडिलांनी बारशात बसून 'याला पुढे तात्यासाहेब म्हणायचे' असे ठरवलेले नव्हते. ज्यांनी हाक मारली, त्यांनीच नाव दिले.

या यादीत एकही बाई नाही, हे माझ्या लक्षात आले, तेव्हा मी जरा थांबले. पुरुषाचे घरगुती नाव उंबऱ्याबाहेर पडले की त्याला साहेब, राव, जी अशी शेपटे लागत जातात आणि ते पदवीसारखे मिरवते. कोल्हापूरच्या राजघराण्यात शाहू महाराजांच्या कन्या राधाबाई या आक्कासाहेब महाराज म्हणून ओळखल्या गेल्या, पण ते राजघराणे होते. सामान्य घरातल्या बाईचे लाडाचे नाव माहेरच्या उंबऱ्याबाहेर सहसा पडलेच नाही. आणि ज्या बाईच्या बाबतीत ही गोष्ट मी सर्वांत जवळून पाहिली, ती माझी आई.

आईचे माहेर कागल तालुक्यात. शाळेच्या दाखल्यावर तिचे एक नाव होते, ते तिच्या आजोबांनी हौसेने ठेवलेले. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने दुसरे नाव लिहिले गेले आणि पहिले तिथेच संपले. दुसरे नाव सासरच्या मंडळींनी निवडले होते. आईला ते ताटात पाहूनच कळले. त्या काळी हे इतके सर्वसाधारण होते की, त्याबद्दल कोणी तक्रार करण्याचा प्रश्नच नव्हता आणि आईनेही कधी केली नाही. पण माहेरी तिला लहानपणापासून 'छबू' म्हणत आणि ते मात्र कोणी बदलू शकले नाही. आज तिचे सत्तरीकडे झुकलेले भाऊ तिला 'छबूआक्का' म्हणतात. कागदावरची दोन नावे आली आणि गेली. तिच्या सबंध आयुष्यातून सलग चालत आलेले नाव हे एवढेच.

मामांच्या जमिनीचे हक्कसोडपत्र करायचे होते, तेव्हा मी आईबरोबर दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात गेले होते. दस्तात तिचे नाव असे लिहिले होते : आधी लग्नापूर्वीचे पूर्ण नाव, मग 'ऊर्फ', मग लग्नानंतरचे पूर्ण नाव. दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र वेगळे जोडलेले होते. कारकुनाने मोठ्याने वाचून दाखवले, आईने प्रत्येक नावाला मान हलवली आणि अंगठा यंत्रावर ठेवला. शेजारी बसलेले मामा तेवढ्यात म्हणाले, "छबू, चष्मा लाव आणि मग सही कर." चार पानांच्या त्या दस्तात छबू हे नाव कुठेच नव्हते. आईला त्याचे काही वाटले नाही; मला मात्र तो 'ऊर्फ' पुढे बरेच दिवस खटकत राहिला.

हे सगळे भावजयीला सांगितल्यावर तिने त्यातून तिच्या बाजूचा अर्थ काढला. कागदावरची नावे जर अशी बदलत असतील आणि लाडाचेच टिकत असेल, तर लाडाचेच कागदावर घातलेले काय वाईट, असे तिने विचारले. मला नेमके उलटे वाटते. आईचे छबू हे नाव टिकले, कारण ते कागदावर नव्हते. कागदावर असते, तर तांदळाच्या ताटाने तेही पुसले असते. तिच्यापाशी एक नाव असे राहिले की जे बदलण्याचा अधिकार ना सासरला होता, ना तलाठ्याला, ना शाळेला. आता मुलीचे नाव लग्नात बदलण्याची रीत बरीच मागे पडली आहे आणि आमच्या घरात तर ती माझ्यापासूनच बंद झाली. तरीही सरकारी खात्याला कधीच सांगावे लागू नये असे एखादे नाव माणसाजवळ असावे, असे मला वाटते. पिहू हे तसे नाव होऊ शकते. ते दाखल्यावर चढवले की उद्या शाळेतल्या हजेरीत, परवा पोलीस पडताळणीत आणि पुढे कर्जाच्या अर्जावर ते परक्यांच्या तोंडी येणार आणि मग घरात तिला लाडाने हाक मारायला दुसरे नाव शोधावे लागणार.

उलट बाजूने पाहिले तर कागदावरच्या नावाचे वजन आता मुलींसाठी वाढलेले आहे. 2024 च्या निर्णयाप्रमाणे आजच्या मुलीचे नाव उद्या तिच्या लेकराच्या पूर्ण नावात दुसऱ्या क्रमांकावर बसणार आहे. आमच्या आईचे नाव माझ्या कोणत्याही प्रमाणपत्रात माझ्या नावाला जोडून आलेले नाही. आईच्या नावाचा रकाना वेगळा असतो आणि तोही पुष्कळ उशिरा आला. ही मुलगी मोठी होऊन आई झाली, तर तिचे नाव तिच्या मुलाबरोबर प्रत्येक अर्जावर, प्रत्येक निकालावर जाईल. तिथे 'पिहू' वाचायला गोड वाटेल की अवघडल्यासारखे, हे ज्याचे त्याने ठरवावे. मला अवघडल्यासारखे वाटते. भावाला हे पटले नाही. पिढी बदलली की कानही बदलतात, आज तुम्हाला पोरकट वाटणारी नावे तेव्हा आज्यांची नावे झालेली असतील, असे तो म्हणाला आणि त्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. बेबी नावाच्या आज्या मी रोज पाहते.

आता राहिला प्रश्न ताराराणी की नुसते तारा. इथे शहरानेच दोन्ही बाजू घेऊन ठेवलेल्या आहेत. 1700 साली राजाराम महाराजांचे निधन झाल्यावर औरंगजेबाच्या फौजांशी लढा चालू ठेवणारी आणि पुढे करवीरची गादी उभी करणारी ही एकच स्त्री, पण वस्तीला नाव देताना ती 'ताराबाई पार्क' होते आणि कावळा नाक्याला घोड्यावर बसली की 'ताराराणी चौक' होते. बाबांना घोड्यावरची हवी आहे. ते सकाळी फिरायला त्या बाजूला जात आणि नात झाल्याचा फोन आला तेव्हाही तिथेच होते, त्यामुळे त्यांच्या लेखी हा विषय त्याच दिवशी संपलेला होता. भावजयीला राणी हा शब्द जड वाटतो. तिच्या मते मुलीने नाव लावायचे असते, नावाने मुलीला दडपायचे नसते. सिंह, राजे, राणी यांची आमच्या भागात फार हौस आहे, हे तिचे म्हणणे खरेच आहे. आमच्या शाळेत एका वर्गात तीन पृथ्वीराज आणि दोन रणजितसिंह असतात, आणि मैदानावर ऐकाल तर त्यांतला एकही पृथ्वीराज नसतो, सगळे 'पृथ्या' असतात.

पण माझ्या दृष्टीने नाव निवडताना याच गोष्टीचा विचार आधी करायला हवा. पूर्ण नाव कितीही भारी ठेवा, पेठेतली पोरे ते मोडणारच. तेव्हा ते मोडल्यावर काय उरते, हे आधीच पाहून घ्यावे. धैर्यशीलचा 'धैऱ्या' होतो, संग्रामसिंहाचा 'संग्या' होतो आणि त्या मुलांनाही ते आवडते. ताराराणी मोडली की तारा उरते, तारू उरते, रागावल्यावर 'ए तारे' उरते आणि यांतले काहीही वाईट नाही. म्हणजे भावजयीला हवे असलेले नाव बाबांच्या नावाच्या पोटात आयतेच आहे. उलट कागदावर नुसते तारा लिहिले, तर त्यातून ताराराणी कोणी कधी काढणार नाही. लहान नावातून मोठे निघत नाही, मोठ्यातून लहान आपोआप निघते; म्हणून दोन्हीपैकी एकच लिहायचे असेल, तर मोठे लिहावे, असे मी सांगितले. मी आमच्या गॅलरीत उभी राहून खालच्या रस्त्याकडे तोंड करून दोन्ही नावांनी हाका मारून पाहिल्या. शेजारच्या काकूंनी 'काय झालं हो?' म्हणून विचारले, पण दोन्ही हाका चांगल्या लांबवर जातात, याची खात्री झाली.

लिपिक म्हणून मला ताराराणीची एकच भीती होती आणि ती अजूनही पूर्ण गेलेली नाही. जोडनावे कागदावर फुटतात. रणजितसिंह हा एका कागदावर एक शब्द असतो, दुसऱ्यावर 'रणजित' हे नाव आणि 'सिंह' हे वडिलांचे नाव होऊन बसते. इंग्रजीत तर विचारूच नका. सिंह लिहिताना मध्ये 'जी' घालायचा की नाही, यावर एकाच मुलाच्या तीन कागदांत तीन मते असतात. प्रज्ञा नावाच्या मुली आमच्याकडे दरवर्षी येतात. मराठी पद्धतीने तिचे स्पेलिंग 'डी-एन-वाय-ए' असे होते, आधार केंद्रावरचा मुलगा हिंदी उच्चार धरून 'जी-वाय-ए' असे टाकतो आणि दहावीचा अर्ज भरायच्या वेळी दोन्ही जुळत नाहीत. आधारवरचे नाव जन्मभरात दोनदाच बदलता येते, हे पालकांना त्या दिवशी आमच्या खिडकीपाशी कळते. त्यात 1 ऑक्टोबर 2023 पासून लागू झालेल्या सुधारणेमुळे त्यानंतर जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून वाहन परवान्यापर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्माचा दाखलाच द्यावा लागणार आहे. म्हणजे दाखल्यावर जसे लिहिले जाईल तसेच पुढे सगळीकडे जाणार.

नशिबाने घाई करण्याची गरज नसते, ही गोष्ट पुष्कळांना माहीत नसते म्हणून इथे नोंदवते. दवाखान्यातून घरी सोडताना नावाचा रकाना भरून मागतात आणि बाळ-बाळंतीण न्यायच्या गडबडीत लोक सुचेल ते लिहून मोकळे होतात. जन्माची नोंद 21 दिवसांत व्हावी लागते, पण ती नावाशिवायही होते. नोंदणीनंतर 12 महिन्यांच्या आत नाव कळवले तर शुल्क पडत नाही आणि विलंब शुल्क भरून ते 15 वर्षांपर्यंत घालता येते. एकदा घातलेल्या नावातली लेखनाची चूक दुरुस्त होऊ शकते, मात्र आता दुसरे नाव आवडले, म्हणून ते बदलून मिळत नाही. भावाने दवाखान्यात 'पिहू' लिहायला पेन काढले होते. आईने त्याच्या हातातले पेन काढून घेतले, रकाना कोरा राहिला, आणि हा लेख लिहिण्याइतका वेळ मला मिळाला.

बारसे झाले. कार्यालयातल्या सजावटवाल्याकडे दिव्यांची मोठी अक्षरे भाड्याने मिळतात आणि भाडे अक्षरामागे असते. भावजयीने तेवढ्यावरूनही एकदा 'तारा'ची बाजू मांडून पाहिली, पण बाबांनी चारही अक्षरांचे पैसे आगाऊ देऊन टाकले होते. मी कानात ताराराणी सांगितले, घुगऱ्या वाटल्या गेल्या, पाठीत गुच्चे बसले. भाऊ पिहू म्हणतो तो म्हणतोच, पण त्याचा एकाधिकार राहिलेला नाही. आई तिला छकुली म्हणते, बाबा मांडीवर घेऊन 'काय सरकार' म्हणून विचारपूस करतात, शेजारचा तीन वर्षांचा मुलगा तिला 'तालू' म्हणतो आणि त्याने तसे म्हटले की ती सर्वांत जास्त हसते, त्यामुळे शेवटी टिकणारे नाव बहुधा तेच असेल. भावजयही आता तारा म्हणते. कागदावरच्या नावातलाच हा तुकडा असल्यामुळे मुलगी बँकेत बसून राहणार नाही, एवढ्यावर तिने तडजोड केली आहे.

महापालिकेत द्यायचा नावाचा अर्ज मात्र अजून बाबांच्या कपाटात पडून आहे. मराठी रकान्यात मी 'ताराराणी' एक शब्द, मध्ये जागा न सोडता, असे सुवाच्य लिहिले आहे. इंग्रजी रकाना रिकामा आहे, कारण शेवटच्या 'णी'साठी भावाला 'ई' दोनदा हवा आहे आणि भावजयीला एक 'आय' पुरे वाटतो. शिवाय बाबांनी परवा 'ता'मध्ये 'ए' दोनदा का नाही, अशी नवीनच शंका काढली. माझे मत एकेरी 'ए' आणि शेवटी 'आय' असे आहे, कारण आधार केंद्रावरचा मुलगा न विचारता जे टाकतो ते हेच, आणि त्याच्याशी जुळलेले नाव पुढे कुठे अडत नाही. सोमवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी तिघांनाही बरोबर घेऊन तिकडे जाणार आहे.